पाणी आत यावे, विस्तव बाहेर राहावा
(स्नानाचे पाणी तापविण्याच्या जागेविषयी कापूस पिकविणाऱ्या कुटुंबांसाठी काही सूचना)

दसरा उलटला म्हणजे बोदवडच्या शिवारात कापसाची वेचणी जोरात सुरू होते. बोंडे फुटतात, गाठोडी बांधली जातात आणि बैलगाडीने वा ट्रॅक्टरने कापूस घरी येऊ लागतो. भाव मनासारखा असल्यास तो लागलीच बाजारात जातो. नसल्यास घरातच राहतो. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेलेला शेतकऱ्यांनी पाहिला. तोच भाव पुन्हा येईल या आशेने पुढील हंगामात खानदेशातील पुष्कळ शेतकऱ्यांनी आपला कापूस महिनोन्महिने घरात राखून ठेवला. ज्यांच्याजवळ वेगळे कोठार नाही त्यांच्या घरी ओसरी, माजघर, प्रसंगी निजण्याची खोलीदेखील कापसाने भरते आणि माणसे उरलेल्या जागेत पथारी टाकतात.

याच सुमारास थंडीही पडते. जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा जसा कडक, तसा हिवाळाही बोचरा असतो. डिसेंबर-जानेवारीत पारा काही वेळा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि तापीकाठच्या केळीबागांची वाढ खुंटते. पहाटे स्नानास ऊन पाणी लागते, म्हणून बंब लवकर पेटतो आणि उशिरापर्यंत धुमसत राहतो. गार वारा आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या जातात.

अशा रीतीने वर्षातील ज्या महिन्यांत घरात कापूस सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत पाण्यासाठी लागणारा विस्तवही सर्वांत जास्त आणि घरात खेळणारी हवा सर्वांत कमी असते. कापूस, विस्तव आणि कोंडलेली हवा या तीन गोष्टी एका छपराखाली येऊ न देणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे: पाणी आत यावे, विस्तव बाहेर राहावा.

विस्तव घरात कसा आला?

पूर्वीच्या घरांत पाणी तापविण्याची जागा बहुधा परसदारी असे. चुलाण्यावर हंडा चढे किंवा तांब्याचा बंब मोरीजवळ उघड्यावर ठेवलेला असे. घरात चूल पेटली तरी छपरात ठेवलेल्या भोकातून, कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. त्या घरांत डोळे चुरचुरत आणि भिंती काळ्या पडत; परंतु हवा पूर्णपणे कोंडत नसे.

आता सिमेंटची घरे आली आहेत. स्लॅबला भोक नाही, खिडक्यांना काचा आहेत आणि न्हाणीघर चार भिंतींच्या आत आले आहे. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. स्त्रियांना आडोसा मिळाला, आजाऱ्यांना व वृद्धांना थंडी-पावसात बाहेर जाणे टळले. परंतु न्हाणीघराबरोबर बंबही आत आला, ही मात्र चूक झाली. तांब्याचा बंब बाहेर ठेवल्यास चोरीस जाईल ही भीती, पावसात सरपण भिजते ही अडचण आणि बोदवड परिसरात पाणी जपून वापरावे लागत असल्यामुळे पिंपे व टाक्या न्हाणीतच ठेवण्याची पडलेली सवय, ही त्याची कारणे होत. ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांपायी घरातील माणसांच्या श्वासाची व वर्षाच्या कमाईची जोखीम घेणे योग्य नव्हे.

दिसणारा धूर आणि न दिसणारा वायू

धुराची भीती सर्वांस वाटते, कारण धूर दिसतो, नाकास झोंबतो व डोळ्यांतून पाणी काढतो. धूर वाढला की मनुष्य आपण होऊन दार उघडतो. खरा घातक शत्रू मात्र धुरामागून येतो. लाकूड, गोवरी, कोळसा वा गॅस यांपैकी काहीही पुरेशा हवेशिवाय जळू लागले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही आणि तो झोंबतही नाही. आपल्या रक्तातील जो लाल घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. परिणामी श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो.

आरंभी डोके दुखते, घेरी येते, मळमळते, पायांतील बळ गेल्यासारखे वाटते आणि गुंगी येते. पित्त झाले असेल, जागरण झाले असेल, असे समजून मनुष्य आडवा होतो. आणि तेथेच घात होतो. घरातील दोघा-चौघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले, तर तो प्रकार पित्ताचा नसून हवेचा आहे असे समजावे.

या दृष्टीने निखारे ज्वाळेपेक्षा अधिक फसवे असतात. बंब पेटत असताना धूर होतो. पुढे धूर संपतो, लाल निखारे उरतात आणि ते निरुपद्रवी वाटतात. हिवाळ्यात अनेक घरी हेच निखारे घमेल्यात भरून म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत किंवा बाळंतिणीच्या शेकासाठी शेगडीत नेले जातात. बाळंतिणीची खोली वारा लागू नये म्हणून अगोदरच बंद ठेवलेली असते. अशा खोलीत राखेखाली धुमसणारे निखारे रात्रभर ठेवणे म्हणजे माय व लेकरू दोघांच्या उशाशी विष ठेवण्यासारखे आहे. शेक द्यावयाचाच असल्यास दार-खिडकी उघडी ठेवून, कोणी जागे असताना व थोडा वेळ द्यावा. झोपण्यापूर्वी शेगडी उचलून बाहेर न्यावी.

गॅसचा गिझर

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतील घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचले. स्वयंपाकघरातील धूर कमी झाला, हा मोठाच लाभ होय. पुढे काही घरांत सिलिंडरला जोडून न्हाणीघरात गॅसचा गिझरही बसविण्यात येऊ लागला. त्यात धूर दिसत नाही, म्हणून तो पूर्णपणे निर्धोक समजला जातो. ही समजूत चुकीची आहे.

थोडा हिशेब करून पाहावा. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरात सुमारे १९२ घनफूट हवा मावते. मिनिटास सहा लिटर पाणी तापविणारा गिझर दहा मिनिटांत साधारणतः दीडशे ग्रॅम गॅस जाळतो आणि तेवढा गॅस नीट जळण्यास साठ घनफुटांहून अधिक हवा लागते. म्हणजे एका मनुष्याचे स्नान होईपर्यंत खोलीतील जवळजवळ एक तृतीयांश हवा गिझरच वापरून टाकतो. दुसऱ्या, तिसऱ्या माणसाच्या वेळी हवा आणखी निकृष्ट होते, ज्योतीस प्राणवायू अपुरा पडू लागतो आणि विषारी वायूचे प्रमाण वाढते. स्नान करणारा मनुष्य आतून कडी लावून बसलेला असतो. त्यास गुंगी आली तर कडी काढण्याचेही बळ राहत नाही.

हे संकट शहरांनीही अनुभवले आहे. मुंबईच्या बोरिवली भागात जानेवारी २०२० मध्ये गॅस गिझर असलेल्या न्हाणीघरात बेशुद्ध पडलेली एक मुलगी पुढे दगावली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपर येथे एक दाम्पत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले व गॅस गिझरमुळे गुदमरल्याचा संशय व्यक्त झाला. सुशिक्षित वस्तीत, पक्क्या घरात असे घडू शकते, तर खेड्यातील लहानशा न्हाणीत ते घडणार नाही असे मानण्यास आधार नाही.

म्हणून गॅसचा गिझर न्हाणीघरात बसवूच नये. तो बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोसा असलेल्या परंतु उघड्या जागी बसवावा आणि केवळ ऊन पाण्याची नळी भिंतीतून आत घ्यावी. सिलिंडरही बाहेर, सपाट जमिनीवर उभा ठेवावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो गळाल्यास जमिनीलगत साचतो; यास्तव खड्ड्यात, तळघरात किंवा मोरीच्या गटाराशेजारी सिलिंडर ठेवू नये. गिझर आधीच आत बसविलेला असेल तर तो बाहेर हलवीपर्यंत निदान एवढे करावे: दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मगच दार लावून स्नान करावे.

कापूस आणि ठिणगी

आता कापसाकडे वळू. घरात वीस क्विंटल कापूस आहे असे समजा. भाव क्विंटलला सात हजार रुपये धरला तरी ती एक लाख चाळीस हजारांची ठेव झाली. ती कुलपात नसून उघड्यावर पडलेली असते आणि तिला चोरापेक्षा ठिणगीचे भय अधिक असते.

सुट्या कापसाच्या पृष्ठभागावर आग झपाट्याने धावते. त्याहून वाईट म्हणजे एखादी ठिणगी ढिगाच्या आत शिरली तर ज्वाळा न दिसता तेथे तासन्‌तास धुमसत राहते. सकाळी बंबातून उडालेली ठिणगी सायंकाळी वा मध्यरात्री, सर्वजण निजलेले असताना, भडकू शकते. आगीच्या ज्वाळेपूर्वीच कोंडलेला धूर व विषारी वायू झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. म्हणून ज्या खोलीत कापूस आहे तेथे विस्तव, विडी, कंदील वा उघडी ज्योत नेऊ नये. आणि ज्या खोलीत कापूस आहे तेथे शक्यतो माणसांनी निजू नये. जागेअभावी निजणे भागच असेल तर दाराकडील बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे बाहेर पडण्यास वाट राहील.

याच संदर्भात सरपणाचाही विचार केला पाहिजे. कपाशीच्या पऱ्हाट्या व तुराट्या हे बंबाचे सोयीचे जळण होय. त्यांचे ढीग बहुधा घराच्या भिंतीला किंवा बंबालाच टेकून रचलेले आढळतात. त्यामुळे आगीस वाट मिळते, विंचू-सापांस आसरा मिळतो आणि आणखी एक हानी होते ती शेतीची. न फुटलेली बोंडे लागलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात तिचे पतंग पुन्हा कपाशीवर येतात. म्हणून जळणापुरत्या पऱ्हाट्या ठेवावयाच्या असल्यास बोंडे झोडून, वेगळी काढून नष्ट करावीत, पऱ्हाट्या घरापासून दूर रचाव्यात आणि उन्हाळा संपण्यापूर्वी त्या संपवाव्यात. उरलेल्यांचे यंत्राने तुकडे करून कंपोस्ट खतात घालणे अधिक हिताचे होय. घराची राखण आणि पिकाची राखण येथे एकाच कामाने साधते.

बंबाची जागा कशी निवडावी?

१. प्रथम वारा पाहावा. हिवाळ्यातील पहाटेस परसात एक गोवरी पेटवून धूर कोणत्या बाजूस जातो ते तीन-चार दिवस पाहावे. बंबाचा धूर व ठिणग्या घर, कापूस, कडब्याची गंजी व गोठा यांच्यावर येणार नाहीत अशी जागा निवडावी.

२. कापसाच्या खोलीचे दार वा खिडकी आणि कडब्याची गंजी यांपासून बंब किमान वीस फूट दूर असावा. अंगण लहान असल्यास मध्ये विटांची भिंत घ्यावी. कुडाची वा ताट्यांची भिंत या कामी उपयोगी नाही.

३. बंबाखाली दगडाचा वा विटांचा, दीड ते दोन फूट उंचीचा ओटा बांधावा. त्यामुळे तोटीखाली बादली नीट बसते आणि स्त्रियांस वाकून भार उचलावा लागत नाही.

४. वर पत्र्याचे लहानसे छप्पर घालावे. निदान दोन बाजू उघड्या राहाव्यात. धुराची नळी छपराच्या वर न्यावी. गवताच्या वा पाचटाच्या छपराखाली बंब पेटवू नये.

५. ओटा न्हाणीघराच्या भिंतीलगत बाहेरून घेतल्यास भिंतीतून नळी घालून ऊन पाणी आत आणता येते. मात्र त्या भिंतीची खिडकी वा झरोका बंबाच्या धुराच्या वाटेत नसावा.

६. बंबात पाणी भरल्यावाचून विस्तव घालू नये. रिकाम्या बंबाचे सांधे सुटतात. तसेच बंबाचे पाणी भरावयाचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये. वाफेस वाट असलीच पाहिजे.

७. बंबाजवळ केवळ त्या दिवसाचे जळण ठेवावे. एक बादली पाणी व एक घमेले वाळू कायम जवळ असावी.

८. राख पाणी शिंपडून पूर्ण विझवावी व मगच उकिरड्यावर टाकावी. राखेखालचा निखारा उकिरड्यात अनेक तास जिवंत राहतो.

चोरीची भीती असल्यास बंब ओट्यात बसविलेल्या लोखंडी कडीस साखळीने बांधावा. साखळी व कुलूप यांचा खर्च अल्प आहे.

विजेवर पाणी तापविणे

विजेच्या साधनाने धूर वा विषारी वायू होत नाही, हा त्याचा गुण होय. त्याचा दोष असा की पाणी आणि वीज यांची गाठ एके ठिकाणी पडते. पाण्यात बुडवावयाची सळई, म्हणजे रॉड, स्वस्त असल्याने घरोघरी आढळते व तिनेच अपघात अधिक होतात. बादलीत रॉड चालू असताना पाणी तापले की नाही हे बोट घालून पाहणे ही प्राणघातक सवय आहे. बटण बंद करून, प्लग काढून, मगच पाण्यास हात लावावा. रॉड धातूच्या बादलीत वापरू नये, न्हाणीच्या ओल्या फरशीवर ठेवू नये आणि मुलांच्या वाटेत लावू नये.

खेड्यात आणखी एक धोका संभवतो. रॉड लावला असता वीज जाते, घरची माणसे शेतावर निघून जातात व बटण तसेच राहते. दुपारी वीज परत येते, पाणी आटते, रॉड तापून बादली वितळते व शेजारी कापूस असल्यास पुढे काय होईल हे सांगावयास नको. म्हणून वीज गेली की प्रथम प्लग काढावा, हा घरातील प्रत्येकाचा नियम असावा.

विजेचा टाकीचा गिझर न्हाणीघरात बसविता येतो; तथापि तो अंगावर घेण्याच्या पाण्याचे तुषार उडणार नाहीत इतक्या उंचीवर व अंतरावर असावा. त्याचे बटण न्हाणीच्या दाराबाहेर असावे. त्यास सोळा अँपिअरची स्वतंत्र जोडणी, चांगली अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे संरक्षक उपकरण असणे आवश्यक आहे. पंधरा लिटरचा गिझर पाण्याने भरल्यावर वीस किलोहून अधिक वजनाचा होतो. मातीत बांधलेल्या भिंतीत खुंट्या ठोकून त्याचा भार टिकत नाही. अशा घरी पक्क्या विटांचा खांब उभारून त्यावर तो बसवावा. विहीर व कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असल्यास गिझरच्या आत क्षार जमतो आणि दाब सोडणारी झडप तुंबू शकते. यास्तव वर्षातून एकदा, थंडीपूर्वी, जाणत्या कारागिराकडून तो साफ करून घ्यावा.

उन्हाने तापणारे पाणी

ज्या प्रदेशात वर्षातील बहुतेक दिवस कडक ऊन असते तेथे सौर बंब हा विचार करण्याजोगा उपाय होय. त्यात विस्तव नाही, विषारी वायू नाही व सरपणही लागत नाही. दिवसा तापलेले पाणी वेष्टन असलेल्या टाकीत रात्रभर ऊन राहते आणि पहाटे उपयोगी पडते. चार-पाच माणसांच्या कुटुंबास शंभर लिटरचा संच पुरतो.

मात्र याच्या जागेचाही विचार हवा. पाण्याने भरलेला असा संच दीड-दोन क्विंटल भरतो. तो धाब्याच्या मातीच्या छपरावर ठेवू नये. स्लॅब नसल्यास अंगणात पक्क्या घडवंचीवर, दक्षिणेकडे तोंड करून, दिवसभर सावली येणार नाही अशा जागी बसवावा. बोदवड सुमारे २१ अक्षांशावर असल्याने हिवाळ्यातील उन्हासाठी सुमारे तीस अंशांचा उतार योग्य ठरतो. काचेच्या नळ्यांचा संच असल्यास आणखी एक दक्षता घ्यावी. पाणीटंचाईत टाकी रिकामी राहिली तर नळ्या उन्हात अतिशय तापतात. अशा वेळी दुपारी गार पाणी सोडल्यास त्या तडकतात. रिकामा झालेला संच सूर्योदयापूर्वीच भरावा.

ऊन पाण्याने भाजणे

विस्तव बाहेर ठेवला तरी ऊन पाणी आत येणारच. साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत खोल भाजते आणि लहान मुलांची कातडी कोवळी असल्यामुळे त्यांस अधिक इजा होते. घंगाळात वा बादलीत प्रथम गार पाणी घालावे व नंतर ऊन पाणी मिसळावे, ही आपल्याकडील जुन्या बायकांची शिकवण शास्त्रशुद्ध आहे. बंबापासून न्हाणीपर्यंतची वाट सपाट, कोरडी व उजेडाची असावी. उकळत्या पाण्याची बादली घेऊन उंबरठे ओलांडण्याचा प्रसंग येऊ देऊ नये.

एका घराचे उदाहरण

कल्पना करावी की, ग्रामस्तरीय कार्यकर्ता एका घरी गेला आहे. पडवीत बंब पेटला आहे, पडवीला लागून माजघर आहे व माजघरात छतापर्यंत कापूस आहे. घरातील वडीलधारे गृहस्थ शेकत बसले आहेत.

“आबा, बंब येथेच पेटवता का रोज?”

“मग काय, साहेब? चाळीस वर्षे येथेच पेटतो. काही झाले नाही.”

“चाळीस वर्षांपूर्वी ही पडवी अशीच बंद होती का?”

“तेव्हा कूड होता. भिंत आणि पत्रा तर मुलाने तीन वर्षांपूर्वी घातला.”

“आणि कापूस असा माजघरात राहायचा?”

आबा क्षणभर थांबतात. “नाही. तेव्हा कापूस वेचला की आठ दिवसांत विकावाच लागे. देणेकरी दारात उभा असे.”

आतून सूनबाई सांगते, “पहाटे आत्याबाईंचे डोके रोज दुखते. चहा घेऊन अंगणात बसल्या की उतरते.”

येथे कार्यकर्त्याने व्याख्यान देण्याचे कारण उरत नाही. चाळीस वर्षांचा अनुभव खोटा नव्हता. परंतु ज्या घरात तो अनुभव आला ते घर आता राहिलेले नाही. कूड जाऊन भिंत आली व कापूस आठ दिवसांऐवजी चार महिने राहू लागला. सवय मात्र जुनीच राहिली. एवढे ध्यानात आणून दिल्यावर बंब परसात हलविण्यास एक दुपार पुरते.

अपघात घडल्यास

न्हाणीत वा खोलीत कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, श्वास रोखून त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत ओढून आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध आली तरी दवाखान्यात नेणे आवश्यक आहे. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. आत स्नानास गेलेल्यास घरातील कोणीतरी मधूनमधून हाक द्यावी.

विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीस स्पर्श करण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने तिला तारेपासून दूर करावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तूप, शाई, टूथपेस्ट वा बर्फ लावू नये. कापसास आग लागल्यास प्रथम माणसे, नंतर गुरे बाहेर काढावीत. कापूस वाचविण्यासाठी धुराने भरलेल्या खोलीत परत शिरू नये. वरून विझलेला दिसणारा ढीग बाहेर पसरून, पाण्याने भिजवून, दिवसभर नजरेखाली ठेवावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी काय करावे?

वेचणीच्या आरंभी शेतकऱ्यांच्या घरी जाणे होतेच. त्या वेळी कापूस कोठे ठेवणार हे विचारताना पाणी कोठे तापते हेही विचारावे. बंब, शेगडी, गॅसचा गिझर व रॉड या चार वस्तू डोळ्यांनी पाहाव्यात. घरातील स्त्रियांशी बोलणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण पहाटे विस्तव त्या पेटवितात आणि धूरही त्याच सोसतात. जेथे बाळंतीण वा अंथरुणास खिळलेली व्यक्ती आहे तेथे शेगडीविषयी आवर्जून सांगावे. गावात एखाद्या घरी ओटा बांधून, भिंतीतून नळी काढून नमुना तयार केल्यास त्याचा उपयोग दहा सभांपेक्षा अधिक होतो. पाहिलेले पटते व पटलेले केले जाते.

कापसाचे बी निवडताना, खत देताना, फवारणी करताना शेतकरी जी दक्षता घेतो तिचे फळ शेवटी घरात येऊन पडते. त्या फळाशेजारीच त्याची माणसे निजलेली असतात. विस्तवास परसात जागा दिली तर दोघांचेही रक्षण होते. येत्या वेचणीचे पहिले गाठोडे घरात येण्यापूर्वी प्रत्येक शेतकरी बंधूने आपल्या परसात उभे राहून वारा कोणीकडे वाहतो ते पाहावे, आणि बंबाचा ओटा त्या दिवशीच घालावा.